सोडून दिलेला स्कूटरचा नंबर

१ सप्टेंबर १९८८, जयपूर
गणेशोत्सवातल्या व्याख्यानाची सुरुवात ठरली: 'जयपुरातल्या मराठी बंधुभगिनींनो! बँकेतले, विम्यातले, फौजेतले, आपण सगळे बदलीवर आलेले. आणि आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: बस वेळेवर येत नाही, आणि आली की आधी तिचा धूर अंगावर येतो!'
वा! पुढचं सुचेना. झोपलो.

३ सप्टेंबर
मुद्दे पक्के. माणसं वाढतात. त्यांची मिळकत वाढते. मग ती शहराच्या कडेला घर घेतात आणि कामाला गाडीनं येतात. कोळसा, डिझेल, पेट्रोल, सगळंच जास्त जळतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पृथ्वी तापते.
बायकोला, तारामतीला, वाचून दाखवलं. भेंडी चिरता चिरता म्हणाली, यंदा तुमचं प्रमोशन झालं, गावातली खोली सोडून आपण इथं शहराच्या कडेला, मानसरोवर कॉलनीत आलो. मग पृथ्वी तापवणारे आपणच ना?
शास्त्रात घरगुती गोष्टी आणायची तिला फार सवय.

५ सप्टेंबर
संकट. फार वर्षांपूर्वी बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागला. वीस तारखेपर्यंत नेली नाही तर बुकिंग रद्द. तारामतीनं देवापुढे साखर ठेवली. मी जाहीर केलं: स्कूटर नको. वक्त्यानं आधी आचरण दाखवावं. मी ऑफिसला सायकलनं जाईन.
ती म्हणाली, तुम्ही जाल हो सायकलनं. शाळेत शिकवायला दोन बस बदलून मी जाते, तेही उभ्यानं.
मुद्दा शास्त्रीय नव्हता. सोडून दिला.

७ सप्टेंबर
सायकल. जाताना वारा समोरून. येतानाही समोरून. जयपूरचा वारा हा अभ्यासाचा विषय आहे.

८ सप्टेंबर
गुडघा. मंडळाचे सेक्रेटरी श्रीपादराव त्याच बाजूला जातात. त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. मी नसतो तरी ती गेलीच असती, म्हणजे माझा धूर शून्य.

१० सप्टेंबर
श्रीपादराव रजेवर. ऑटो. वाटेत त्यानं आणखी चौघं कोंबली. लोकसंख्येचा प्रश्न प्रत्यक्ष मांडीवर घेतला.
शेजारच्या सुमनताई, ज्यांचे मिस्टर फौजेत आहेत, समोरच्या मोकळ्या प्लॉटांवर तारामतीला स्वतःच्या स्कूटरवर शिकवतात म्हणे. हौस. उतरेल.

१५ सप्टेंबर
व्याख्यान झालं. सुरू होताच लाइट गेले. श्रीपादराव म्हणाले, तसंच बोला, आवाज खडा आहे तुमचा. पण विचाराला माइक लागतो. डिझेलचा जनरेटर आणायला लावला. धुरामुळे पहिली रांग उठून मागे गेली. तरी मी पेटलो. शेवटी गरजलो: 'उद्याच जा आणि स्कूटरचा नंबर रद्द करा! मी माझा सोडतो आहे!'
टाळ्या थांबेनात. तारामतीनं एकही वाजवली नाही.

१६ सप्टेंबर
सकाळपासून दारात रीघ. वाटलं, क्रांती झाली. प्रत्येकाला माझाच नंबर हवा होता. गुलाबराव बँकवाले म्हणाले, आप्पासाहेब, काल डोळ्यांत पाणी आणलंत. आता सोडताच आहात, तर आमच्या मेव्हण्याचं बघा. श्रीपादरावांना पोरासाठी दुसरी हवी. स्वतःचा नंबर एकानंही सोडलेला नाही. सगळ्यांना चहा केला. गॅस संपला.

१८ सप्टेंबर
थकलो. शांतपणे विचार केला. ही स्कूटर दुसऱ्याकडे गेली तर तो ती गरज नसताना पळवणार. जबाबदार माणसाच्या दारात उभी राहिली तर पृथ्वीचंच हित. त्यागापेक्षा हे कठीण आहे, पण कुणीतरी करायला हवं. उद्या गुपचूप घेऊन येतो. तारामती खूश होईल.

१९ सप्टेंबर
शोरूमला गेलो. मॅनेजर म्हणाला, साहब, मॅडमजी तर शनिवारीच घेऊन गेल्या. कुणाच्या सहीनं, विचारलं. म्हणाला, त्यांच्याच. बुकिंग पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आहे.
भर सभेत मी सोडला तो नंबर माझा नव्हताच. तिनं शाळेच्या पगारातून बुक केला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तेव्हा मी बोलत असेन.
बसस्टॉपवर बराच वेळ उभा होतो. बस आली नाही. स्कूटर आली. दोन दिवस सुमनताईंच्या अंगणात होती म्हणे. तारामतीनं इंजिन बंद केलं नाही. म्हणाली, मागे बसा, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलू नका, माझा तोल जातो.