आधी जुनं दार बांध

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग अजून माझ्याकडे तसाच आहे, आणि आज तो मला सांगायचाच आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी कॉम्प्युटर शिकून नोकरीची वाट बघत पिंपरी पेंढारला घरी होते. तुम्ही कालव्यावर पाटकरी. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते तुमच्या हातात. तुम्हाला ताप होता म्हणून त्या आठवड्यात कालव्याच्या चारीवर शेतांची दारं उघडायला आणि मातीने बुजवून बांधायला मी जात होते. "आधी जुनं दार बांध, मग नवं उघड," तुम्ही खाटेवरून रोज बजावायचात. मग एका सकाळी तुम्हीच म्हणालात, "बागवाल्याचं दार जरा किलकिलं राहू दे. मोठा माणूस हाय." मी ठेवलं. दुपारपर्यंत बागेचा पाट फुटून पाणी खाली मेंढरवाल्या घराच्या वाफ्यांत शिरलं. कांद्याचं सगळं रोप गाळात गेलं. त्यांची म्हातारी आपल्या अंगणात येते, रडत नाही, नुसती मूठभर चिखललेलं रोप पुढे धरते. "आता काय लावू, पाटकरी?" आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "पोरीनं दार उघडं ठिवलं." मागून कुणीतरी हसतं, "कान्वेंटात शिकली, पर दार बांधाया नाय शिकली, राव!" वडिलांना उलट बोलू नये, असं सिस्टरांनी शिकवलं होतं. संध्याकाळी तुम्ही ओतूरहून माझ्यासाठी गोडीशेव आणवलीत. मी ती खाल्ली, याचाही मला राग आहे.

पुढे पुण्यात मी जवळजवळ तुमचंच काम केलं, फक्त पाण्याऐवजी माहितीचं. दोन हजार सालानंतर एका हॉस्पिटलच्या जुन्या स्टोरेजपुढे आम्ही नवी यंत्रणा बसवली. सर्व्हरने आता फक्त नव्या यंत्रणेशी बोलायचं. जुन्या डिस्कवर लिहायचं ते तिनेच. कोणाला कोण दिसावं ही वाटणी स्विचमध्ये करतात, तिला झोन म्हणतात. सर्व्हर आणि जुन्या स्टोरेजमधला झोन आधी काढायचा, मग नवा करायचा. दोघे एकाच डिस्कवर लिहू लागले तर सगळ्याचा चिखल. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, जुना झोन राहू द्या हो. अडलं तर मागे फिरता येईल." माझा हात थांबला. तुमची खाट दिसली. तरी मी ठेवला. दोन दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट झाला, जुन्या वाटेने लिहू लागला आणि रुग्णांचे रिपोर्ट उघडेनात. बाहेर बाकावर माणसं नंबर धरून बसलेली. आत साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडमकडून झोन राहून गेला."

"नाही सर. तुम्ही सांगितलंत, मी ठेवला. चूक दोघांची."

माझा आवाज इतका चढला की सगळे माझ्याकडे बघत राहिले. तो साहेबांसाठी नव्हता, आबा. तो तुमच्यासाठी होता, आणि तुम्ही तो ऐकायला राहिला नाहीत. शेवटच्या दिवसांत चमच्याने पाणी पाजलं मी तुम्हाला. तेव्हाही एकदा 'दार मीच ठेवायला सांगितलं होतं' म्हणाला असतात, तर?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. त्या सकाळी परतताना बागेच्या पाटाचा काठ पाझरताना मी पाहिला होता. तुम्हीच सांगितलंय म्हणून, आणि उन्हात पुन्हा मागे जायचा कंटाळा म्हणून, मी तशीच घरी आले. म्हातारीला खरं तुम्ही सांगितलं नाहीत, मीही नाही.