रोजमेरीला तुळशीचं पाणी

गुरुवार, मळमड्डी

सूनबाईच्या कुंडीतली रोजमेरी आज पार वाळली. उपटून पाहिली तर मुळं कुजलेली. लूचियाच्या माहेरी, इटलीत, ही समुद्रकाठच्या कोरड्या खडकांत वाढते. खोकल्यावर तिची आई हिचाच काढा देते. मी मात्र तुळशीला घालून उरलेलं पाणी रोज हिला घालत होते. शेजारच्या झाडाला तहानलेलं कसं ठेवायचं? लूचिया रागावली नाही, नुसती पानं हुंगत बसली. माहेरचा तेवढाच वास तिच्याजवळ होता, आणि तोही मी...

संध्याकाळी तिनं त्या वाळक्या फांद्यांतून एक हिरवी काडी शोधून माझ्या हातात दिली. "तुम्हीच लावा, आई. पाणी मात्र मी घालणार."

लावली. बोटांना तो वास लागला. जेवायच्या आधी हात धुवायचं जिवावर आलं.