तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

नागपूर,
२ डिसेंबर २०२५

प्रिय मेघा,

जयभीम. तुझी तब्येत बरी असेल. आपल्या छोट्या मैत्रीचा खोकला थांबला का? इथे थंडी पडली आहे. तुझ्या कॅलगरीत तिला कुणी थंडी म्हणणार नाही.

फोन सोडून आई कागदावर काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा पाहिला की माझ्या तोंडून हो निघतं. म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवते.

काल यमुताईसोबत सीताबर्डीला गेले होते. दोघींनी चालायचे बूट घेतले, तिने चक्क जांभळे. तिच्या वहीत सगळं लिहून तयार आहे: श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. सात दिवसांत पाच देश दाखवणाऱ्यांचं नाव काढलं की ती चिडते. प्रत्येक देशात दहा-बारा दिवस राहायचं, बाजारातून केळी-शहाळी आणायची, कंटाळा आला तर पुढच्या गावी जायचं. तिला अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायचा आहे. मला मेकाँगच्या काठी नुसतं बसायचं आहे. चौतीस वर्षं आम्ही दोघी नर्स म्हणून वॉर्डात उभ्याच होतो गं.

मध्येच उठून गॅस पाहून आले. बंदच होता.

ही सहल आम्ही दोनदा पुढे ढकलली. एकदा तुझ्या लग्नासाठी, एकदा मैत्रीच्या जन्माच्या वेळी. दोन्ही वेळा मी आनंदाने थांबले. मैत्रीला सोडून निघताना विमानात रडले हे खरं, आणि तुझ्याकडच्या त्या पाच महिन्यांत एकटीने एकदाही रस्ता ओलांडला नाही, हेही खरं.

या वेळी तू बोलावलंस, तेव्हा यमुताईला सांगायला गेले. ती म्हणाली, “प्रेमिला, तू जाय वं पोरीकडे. नकाशा काई पळून नाही चालला.” आणि नकाशाची घडी घालायला लागली. सत्तरीला आली आहे ती. घडी काही नीट बसेना. शेवटी मीच तो तिच्या हातातून काढून घेतला.

आता खरं सांगते. तिकिटासाठी तू नव्या पासपोर्टचा नंबर मागतेस आणि मी ‘अजून आला नाही’ म्हणते. येऊन अठरा दिवस झाले. तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, जणू कुणी शोधायलाच येणार होतं. पोटच्या पोरीशी खोटं बोलले, त्याची लाज वाटते. सहलीला जाण्याची मात्र वाटत नाही, आणि त्यानेच जीव थाऱ्यावर नाही.

मी बाळंतपणाला येत नाही, मेघा. दहा जानेवारीला आम्ही निघतो, तिकिटं काढली. तुझी तारीख पंधराची. बाळाचा बाबा म्हणून संघपाल रजा घेणार आहेच, डिंकाचे लाडू मी कुरियरने पाठवते. तुला कळा लागतील तेव्हा मी श्रीलंकेत फोन हातात धरून बसलेली असेन.

रागाव. पण एप्रिलमध्ये मी हवीशी वाटले, तर पुन्हा नंबर माग. लगेच देईन.

तुझीच, आणि तरीही जाणारी,
आई