माझे नेचे वेदीजवळच राहतील

तीर्थरूप एर्मिनियाताईस, धाकट्या इदालिनाचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच. तुझं पोट कसं आहे? खारा मासा सोडलास का? (सोडला नसशीलच.) पत्र पाठवायचं कारण, फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की अख्ख्या फॉल रिव्हरला आमच्या घरातलं कळतं. लिहून घेतेय माझी सून ग्रासिंदा. तिच्याबद्दल जे सांगेन तेही तिलाच लिहायचं आहे. (लिही गं, तोंड वाकडं करू नकोस.)

तर ईस्टरनंतरचे सात आठवडे मुकुट कोणाकोणाच्या घरी राहायचा, त्याच्या चिठ्ठ्यांत यंदा माझं नाव निघालं. अकरा वर्षांनी पवित्र आत्म्याचा मुकुट आठवडाभर आमच्या बैठकीत! दोन्ही बाजूंना मी माझ्या नेच्यांच्या सहा कुंड्या मांडल्या. याच कुंड्या दर वर्षी सात आठवड्यांनंतरच्या मोठ्या सणाला मंडळाच्या हॉलमधल्या वेदीजवळ असतात, आणि एवढाच काय तो माझा मान. मला वाचता येत नाही, गाता येत नाही (ग्रासिंदा म्हणते, गप्पही बसता येत नाही), पण नेचे वाढवावेत तर मीच. सोमवारी संध्याकाळी जपमाळेला घर भरलं, आणि कुंड्यांतून बारीक काळी चिलटं उठली, धूप उठावा तशी. बायका "आमेन" म्हणताना तोंडावर हात धरू लागल्या.

ग्रासिंदा म्हणाली, "आई, तुम्ही पाणी फार घालता. माती ओली राहिली की चिलटं होतात." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यालाही मी असंच भरपूर पाजून वाढवलाय, त्याला कुठे चिलटं लागली?" मग हिने पिवळे चिकट कागद आणून पानांत टांगले. मंगळवारी त्यांना मुकुटासोबत आलेल्या मिरवणुकीच्या निशाणाची रेशमी झालर चिकटली, चिलटं चार. मग मातीवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. म्हणे अळ्या वर येऊन बटाटा खातात. म्हणजे आता त्यांना जेवायलाही वाढायचं!

शेवटी मी माझा उपाय केला. तुझ्या मेहुण्याच्या, म्हणजे आमच्या यांच्या, हातची एक बाटली उरली होती, त्यातली वाइन छोट्या पेल्यात ओतली, वर शिरका, साबणाचा एक थेंब, आणि पेला कुंडीमागे ठेवला. चिलटं पटापट बुडायला लागली. गुरुवारी जपमाळ संपते न संपते तोच आमच्या मंडळाचे अध्यक्ष सेन्योर अदेलिनू (वाइनचं तबक येईपर्यंत ज्यांना धीर नसतो) यांना तो पेला दिसला. मुकुटाजवळचा, म्हणजे अध्यक्षांसाठीच. एका घोटात संपवला. ओठांवर फेस, मिशीत चिलटं. मी म्हटलं, "आणखी थोडी देऊ?"

तर ताई, तो माणूस सगळ्यांदेखत म्हणतो, "दोना इदालिना, यंदा सणाला हॉलमध्ये प्लॅस्टिकचे नेचे ठेवू. स्वच्छ असतात." मी म्हटलं, "खुशाल ठेवा. मग सणाच्या जेवणातल्या सूपमध्ये पुदिनाही प्लॅस्टिकचाच टाका, कारण खरा माझ्या अंगणातून येतो आणि यंदा येणार नाही." सणाच्या रविवारी मी कुंड्या घेऊन हॉलवर जाणार म्हणजे जाणार. दार लावलं तर पायरीवर बसेन. मुकुट आत न्यायचा असेल त्याने मला ओलांडून न्यावा. या वयात मला कोण उचलतंय ते बघतेच.

तुझी,
इदालिना
(सहीच्या जागी फुली आहे, ती आईंनी स्वतः काढली आहे.)

ता. क. : तुझ्या घरी माझ्यासारख्याच सहा कुंड्या आहेत ना? सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुझा भाचा गाडी घेऊन हार्टफर्डला येईल. तूही ये, कुंड्याही आण. कोणी विचारलं तर त्या माझ्या. (त्या गुरुवारनंतर हिचं ऐकून दहा दिवस पाणी तोडलं. नेच्यांच्या केरसुण्या झाल्या. चिलटं ठणठणीत आहेत.)

ता. क. दुसरा, ग्रासिंदाकडून : मावशी, हे आईंना वाचून दाखवलेलं नाही. मी कुंड्यांखालच्या थाळ्यांत गुपचूप पाणी घालतेय. तळाशी हिरवे कोंब दिसताहेत, पण रविवारपर्यंत मिरवण्याजोगे होणार नाहीत, म्हणून तुमच्या कुंड्या हव्यातच. आणि हॉलमध्ये स्वयंपाक करणाऱ्या आम्ही सगळ्याजणी काल सेन्योर अदेलिनूंकडे गेलो होतो. त्यांनी प्लॅस्टिकचे नेचे दुकानात परत केले. आईंना मात्र एवढ्यात सांगू नका. पायरीवर बसायला त्यांनी नवी उशी शिवली आहे.