प्रतिसाद : आहे / नाही

९ जानेवारी २०१८, मंगळवार

उणे एकतीस. गाडीच्या इंजिन-हीटरची वायर रात्रभर प्लगला लावलेली होती, तरी सुरू व्हायला कुरकुर केलीच.

दोन ते चार ह्यांच्याजवळ. नर्सिंग होममधला पाचवा आठवडा, त्याआधीचे चार हॉस्पिटलात. स्ट्रोकला नऊ आठवडे झाले. डोळे उघडे, नजर छताला. उजवा हात उचलला तर वर, सोडला तर खाली.

स्पीच थेरपिस्ट आली होती. पोरगीच आहे. मी 'अहो, अहो' करतेय ते ऐकलं आणि विचारलं, ह्याचा अर्थ काय. काय सांगणार? म्हटलं, असंच, लक्ष वेधायला. म्हणाली, "कॉल हिम बाय हिज नेम. पीपल रिस्पॉन्ड टु देअर ओन नेम फर्स्ट."

हो म्हटलं आणि घरी आले.

१० जाने.

अठ्ठेचाळीस वर्षांत ह्यांना नावाने हाक मारलेली नाही. उखाण्यात घेतलं, ते चारचौघींत. फॉर्मवर लिहिलं. पण हाक म्हणून, तोंडावर, एकदाही नाही. माझ्याबरोबर सस्काटूनला आलेल्या बायका दोन वर्षांत 'अरे'वर आल्या. मी लॅबमध्ये साहेबाला पहिल्या नावाने हाक मारायची आणि घरी आले की 'अहो, चहा घेता?' ह्यांनी कधी मागितलं नव्हतं. हे पोटॅशच्या खाणीत इंजिनियर, हाताखाली चाळीस माणसं, सगळी ह्यांना अर्ध्या नावाने बोलवायची. पूर्ण नाव घेणारं ह्यांची आई गेल्यावर कुणी उरलं नाही.

आज सिग्नलला थांबले असताना ते नाव म्हणून बघितलं. कुणी ऐकेल म्हणून आधी काचा वर आहेत ना ते पाहिलं. ह्या थंडीत! हसू आलं, मग नाही आलं.

१४ जाने. रवि.

संक्रांत. हळदीकुंकवाचं बोलावणं होतं, गेले नाही. 'नाव घ्या, नाव घ्या' सुरू झालं असतं.

तिळाचा लाडू केला. एकच. त्यातला कण ह्यांच्या जिभेवर ठेवला. मारिसेलने पाहिलं. ही दुपारची केअर एड, मनिलाची, मायाळू आहे पण नियमाला पक्की. "नो नो, मिसेस, ओन्ली प्युरे!" बोट घालून कण काढला. उरलेला लाडू तिच्याच हातावर ठेवला.

१७ जाने.

कनाटाहून, मुलाच्या घरून, अन्वीचा फोन. उद्या सायन्सची टेस्ट.

"आजी, कॅरेक्टरिस्टिक्स ऑफ लिव्हिंग थिंग्ज. देअर आर सेव्हन, आय हॅव ओन्ली सिक्स."

"सांग बघू." हालचाल, श्वास, अन्न, मळ बाहेर टाकणं, वाढ, पिल्लं होणं. सगळं नीट सांगितलं पोरीने. म्हटलं, सातवं म्हणजे रिस्पॉन्स, बाळा. बाहेर काही झालं की त्याला उत्तर देणं.

"ओ राइट! थँक्स आजी. हाऊ इज आजोबा?"

छान आहेत म्हटलं.

फोन ठेवला आणि नको म्हणताना मोजत बसले. श्वास आहे. अन्न मारिसेलच्या चमच्याने. मळ बाहेर पडतो, पिशवी बदलतात. वाढ म्हणजे नखं, परवाच कापली. पिल्लू कनाटाला सॉफ्टवेअर लिहितंय. हालचाल डाव्या अंगठ्याची आणि डोळ्यांची. सहा झाले. सगळं घोडं सातव्यावर अडलंय.

२१ जाने.

सत्तावीस वर्षं सरकारमान्य लॅबमध्ये बियाणं तपासलं, जित्याची खोड. वही आखली.

वीस मिनिटं, दर मिनिटाला एकदा 'अहो'. नंतर वीस मिनिटं गप्प. दोन्ही वेळा नजर माझ्याकडे किती वेळा वळते ते मांडायचं.

हाक मारल्यावर : तीन.
गप्प असताना : चार.

लॅबमध्ये हा कागद आला असता तर मी काय शेरा मारला असता ते मला माहीत आहे.

२८ जाने. रवि.

हे लिहायचं टाळत होते. लिहून टाकते.

६ नोव्हेंबर. सकाळी बर्फ पडला होता, पहिला मोठा. मी ड्राइव्हवे शोव्हल करून आत आले, बोटं बधिर. हे पेपर वाचत बसलेले. गाडीची वायर लावा म्हणून आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं, लावली नव्हती. मी म्हटलं, "तुमचं घरात असणं आणि नसणं सारखंच आहे."

असंच म्हटलं. ह्याच शब्दांत.

ह्यांनी पेपरची घडी केली आणि बेसमेंटमध्ये गेले. मला वाटलं, अबोला. ह्यांचा अबोला म्हणजे दोन-दोन दिवसांचा, राग गिळून बसणारा माणूस, भांडणार नाही, फक्त गप्प बसणार. मीही म्हटलं, बसा. भाजी केली. खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला, तरी वाटलं, आपटआपट चाललीय. पोळ्या झाल्यावर जिन्यातून हाक मारली. उत्तर नाही. म्हटलं, भूक लागली की येतील आपणहून. मी जेवून घेतलं.

दीड तासाने खाली गेले.

डॉक्टर म्हणाले, पहिला तासच महत्त्वाचा असतो. मुलाला, निखिलला, मी सांगितलंय की मी बाहेर बर्फ काढत होते.

अजूनही गप्पच आहेत. कधीकधी खोलीत शिरताना वाटतं, अजून राग गेलेला नाही.

५ फेब्रुवारी

मटकी भिजवली होती, एकटीला वाटीभर. मोड आल्यावर गणंग, न भिजलेले कडक दाणे, वेचून टाकले. घरी हे आपण डोळे मिटून करतो, दाताखाली येतात म्हणून. लॅबमध्ये असं केलं असतं तर नोकरी गेली असती. तिथे त्यांचा रकाना वेगळा. उगवलेलं बी, वाकडंतिकडं उगवलेलं, मेलेलं आणि कडक. कडक म्हणजे मुदतीत पाणी प्यायलं नाही, फुगलं नाही, उगवलं नाही, पण जिवंत. मेलेल्यात धरायचं नाही, हे मी किती नव्या मुलींना घोकून घेतलं असेल. त्या विचारायच्या, मग जिवंत आहे कशावरून? शंका असेल तर दाणा चिरायचा आणि औषधात ठेवायचा. जीव असेल तर लाल होतो. पण तो दाणा मग पेरायला उरत नाही.

कचऱ्यातून गणंग परत काढले. बशीत ठेवलेत. वेडेपणा आहे, कळतं मला.

११ फेब्रु. रवि.

निखिल तीन दिवस येऊन गेला. काल डॉक्टरांशी बोलणं झालं. ह्यांचं वजन उतरतंय, गिळणं कमी होतंय. दोन वाटा आहेत. पोटात ट्यूब घालून अन्न द्यायचं, नाहीतर काही घालायचं नाही, त्रास होऊ नये एवढं पाहायचं. हाकेला उत्तर देत असतील तर ट्यूबला अर्थ आहे, नाहीतर नुसतं लांबवणं. ८ मार्चला मीटिंग. घरच्यांनी भरायचा एक कागद दिला, त्यात एक ओळ : आवाजाला प्रतिसाद, आहे / नाही. रोज तुम्ही असता, तुमच्याइतकं कुणाला माहीत, म्हणाले.

गाडीत निखिल म्हणाला, "आई, बी रिअॅलिस्टिक. बाबांना हे असं आवडलं असतं का?"

"तू विचारलंस त्यांना?"

"आई, प्लीज. आय अॅम नॉट द बॅड गाय हिअर."

नाहीच आहेस. पण म्हटलं नाही मी. घरी आल्यावर तो ड्राइव्हवे शोव्हल करायला गेला. खिडकीतून पाहिलं, साफ झालेल्या जागेवरच पुन्हा फावडं मारत होता. डोळे पुसायचे होते त्याला, माझ्यासमोर नको होते. बापावर गेलाय.

१६ फेब्रु. शुक्र.

आज नाव घेतलं.

दार लावलं. खुर्ची जवळ ओढली. पदर नाही, स्वेटर होता, तरी हात खांद्याकडे गेला. मग म्हटलं. पूर्ण नाव, त्यांची आई घ्यायची तसं. इथे लिहीत नाही.

काही झालं नाही.

पुन्हा म्हटलं. पाच वेळा. नजर छताला. अंगठासुद्धा हलला नाही. अठ्ठेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, कधीतरी उपयोगी पडेल असं मनात असावं. नाही पडलं.

वॉशरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून.

२४ फेब्रु.

सांगून टाकलं त्यांना. 'मी चुकले, अहो. असणं-नसणं सारखं नाही. नव्हतं कधीच. आणि मला वाटलं तुम्ही रुसलात, म्हणून आले नाही खाली.' हात हातात धरून सगळं सांगितलं. चेहऱ्यावर काही नाही. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण तो डोळा सकाळपासून गळतोय, मारिसेलने थेंब घातले होते.

त्या पाण्याला मी काहीही समजू शकते. म्हणूनच मांडलं नाही.

४ मार्च, रवि.

वादळ. समोरच्या घराचा दिवा दिसत नाही. रस्ते बंद, बस बंद. नर्सिंग होमला फोन केला, येऊ शकत नाही. पहिलाच खाडा. दोन वाजता खुर्चीत बसून घड्याळ बघत राहिले. चारला उठले.

५ मार्च

बर्फ कमरेएवढा. शेजाऱ्याने मशीन आणून वाट करून दिली, अडीचला पोचले. मारिसेल दारातच भेटली. वादळामुळे काल तिने तिथेच मुक्काम करून दोन पाळ्या केल्या होत्या.

"मिसेस, यस्टर्डे ही वॉज वेटिंग फॉर यू."

मी म्हटलं, म्हणजे काय? नीट सांग. तिने सांगितलं ते असं. दोन वाजल्यानंतर हे मान वळवून दाराकडे बघत होते. मान. तिने सरळ केली तर पुन्हा दाराकडे. सूप दिलं तर तोंड मिटून घेतलं. चारपर्यंत. मग डोळे मिटले.

तिला मी उलटसुलट विचारलं. आवाज होता का बाहेर? दार वाजत होतं का? उशी कलली होती का? किती वाजता नक्की? बिचारी गोंधळली. म्हणाली, "आय डोंट नो, मिसेस. आय ओन्ली नो ही वॉज लुकिंग."

आत गेले. नजर छताला.

पण मी जिन्यात बसून हसले आज. खरंच हसले. मी येते तेव्हा त्यांना बघायची गरजच काय? आलेलीच असते मी. नसते तेव्हा कळतं त्यांना. माझं असणं-नसणं त्यांना सारखं नाही.

किंवा वारा होता.

६ मार्च

दोन ते चार. काही नाही. निखिलला फोनवर सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आई, तू हे स्वतः पाहिलंस का?" माझाच मुलगा आहे. नाही म्हटलं.

७ मार्च, बुध.

आभाळ स्वच्छ, रस्ते मोकळे. उद्या दहाला मीटिंग. निखिल संध्याकाळच्या विमानाने येतोय. कागदावरची ती ओळ कोरी आहे.

एक नोंद म्हणजे काही नोंद नव्हे. पुन्हा तेच घडलं तर खरी. आणि पुन्हा घडायचं तर मी जाता कामा नये. आजचाच दिवस हातात आहे. सकाळी मारिसेलला फोन केला. आज मी येणार नाही, दोन ते चार दाराकडे बघतात का तेवढं बघ, दर पाच मिनिटांनी लिही.

"शुअर, मिसेस. बट यू आर ओके? व्हाय नॉट कमिंग?"

कामं आहेत म्हटलं.

तिने 'बघत होते' म्हणून सांगितलं तर उद्या मी ताठ मानेने 'आहे'वर खूण करीन. निखिलही ऐकेल. नाही म्हणाली तर तेही कळेल.

१.१० – जेवण गेलं नाही.

१.२५ – बघत असतील तर? म्हणजे खरंच वाट बघत असतील तर मी इथे स्वयंपाकघरात बसून त्यांना वाट बघायला लावतेय. आणि तसंच व्हावं म्हणून देवाला विनवतेय. नोव्हेंबरात दीड तास, मला माहीत नव्हतं म्हणून. आज दोन तास, मुद्दाम, घड्याळ लावून.

१.३५ – नाही. नाही होणार माझ्याने. मारिसेलला फोन केला, येतेय म्हणून. "गुड, मिसेस," म्हणाली.

म्हणजे आता कधीच कळणार नाही. उद्या त्या ओळीचं काय करायचं, ठाऊक नाही. बूट घातलेत. वीस मिनिटांचा रस्ता आहे, दोनच्या आत पोचायला हवं.