सुमनताईंना लागू न पडलेलं औषध

मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६
आळेफाटा

राजुरीच्या सुमनताई जाऊन आठवडा झाला. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला. मी चार दिवस इंजेक्शनं दिली, मग पुण्याला पाठवलं. तिथंच गेल्या.

आज त्यांचे यजमान दगडूभाऊ पुण्यातल्या तपासणीचा कागद घेऊन दवाखान्यात आले. माझंच औषध त्यात निकामी ठरलेलं.

"म्याडम, रोज सुई दिली तुमी. मग लागू का नाय पडली?"

"भाऊ, हे जंतू एक एन्झाइम, म्हणजे एक रसायन, तयार करतात. औषधानं जंतूंना मारायच्या आतच हे रसायन औषधाला तोडून टाकतं."

"म्हंजी तिला औषध मिळालंच न्हाई म्हणा की."

हीच सुई मी सुमनताईंना वर्षानुवर्षं साध्या सर्दीतापालाही दिली. "कांदालागण अडलीया, तेवढी सुई द्या," म्हणायच्या, मी द्यायचे. साधे जंतू मरत गेले आणि हेच उरले, असं तर नसेल? नक्की कोण सांगणार? पण ती सुई माझ्याच हातची, हे मनातून जात नाही.

निघताना दगडूभाऊंनी हात जोडले. "तुमी लई केलं तिच्यासाठी." मला खरं सांगता आलं नाही.

पुढची बाई बाही वर सारूनच आत आली. नुसती सर्दी होती. मी सुई द्यायला नाही म्हणाले. ती रागावून निघून गेली.