नागपूरला गेलेला बिल्ला

१२ जून २००२
आज तीन पत्रं. दोघांनी बिल्ल्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून छाप पाठवलाय. तिसऱ्यानं नुसतंच लिहिलंय, 'पितळी आहे, मागे दोन कान आहेत, कोणत्या पलटणीचा?' एवढ्यावर मी ओळखायचं. पेपरच्या पुरवणीत फौजी बिल्ल्यांवर लेख आला माझा, तवापासून हे चालू. एकवीस वर्षं पलटणीच्या स्टोअरात काढली, हजारो बिल्ले हाताखालून गेले, म्हणून कळतं. सौ. म्हणते, "लष्कराच्या भाकरी भाजायची सवय सुटली न्हाई तुमची." कंबर दुखते. उत्तरं उद्या.

३० जून
शेजारच्या गोरेगाव खेड्यातून कौसल्याबाई भाड्याच्या जीपनं आल्या. माझ्याच वयाच्या. पदरात बांधून टोपीचा बिल्ला. "जयभीम दादा. मालक फौजेत गेले ते परत आले न्हाई. पेटी आली, तिच्यात ह्यो व्हता. सून इचारते कोणती पलटण, मला नाव सांगता येत न्हाई."
अस्सल ठोक्याचा, म्हणजे ठशाखाली पत्रा ठोकून काढलेला. दर चौदा एप्रिलला चिंच लावून घासतात, त्यानं नक्षी गुळगुळीत झालेली. पलटणीचं नाव सांगितलं. बाईनं तीनदा म्हणून पाठ केलं. वहीत छाप घेऊन ठेवला. लई दिवसांनी बरं वाटलं.

१५ जुलै
नागपूरच्या एका गृहस्थांचं पत्र. अक्षर सुरेख. बिल्ल्यांवर पुस्तक करताहेत. खरा-खोटा कसा ओळखायचा, सविस्तर कळवावं म्हणतात. सुरुवात 'आदरणीय गुरुवर्य'. सौ. वाचून हसली.

१८ जुलै
नागपूरला सहा पानं. आकृत्यांसकट. ठोक्याच्या बिल्ल्याची नक्षी पुढून फुगीर असते अन् मागून तशीच खोलगट. नकली बहुतेक मागून सपाट, बारीक भोकांचा. मागचे अडकवायचे कान कसे डाकलेले असतात, घासून घासून आधी कुठं झिजतो, सगळं. कौसल्याबाईंच्या बिल्ल्याचंही लिहिलं, की असा अस्सल आता बघायला मिळत नाही. मनगट भरून आलं, पण लिहायला मजा आली हे कबूल.

२ सप्टें.
नागपूरवाल्या साहेबांना तो बिल्ला फोटोसाठी पंधरा दिवस हवा. गोरेगावला जाऊन विचारलं. बाई बराच वेळ बिल्ला हातात फिरवत बसल्या. "इतक्या लांब जायचा? कधी घराबाहेर गेला न्हाई. पन तुमी म्हणता तर न्या, दादा."
म्हणालो, जबाबदारी माझी. रजिस्टर पार्सल केलं.

२० ऑक्टो.
उशिरानं का होईना, बिल्ला परत आला. कापसात गुंडाळून, सोबत आभाराचं गोड पत्र. मागून खोलगट, कान बराबर, झीज जागच्या जागी. नेऊन दिला. डोक्यावरचं ओझं उतरलं.

११ जाने. २००३
कौसल्याबाई आल्या. "दादा, जरा बघा. लांबून आला म्हणून चिंच लावली, तर काळवंडून राहिला. इतक्या वर्सांत असं झालं न्हाई."
वहीतल्या जुन्या छापावर ठेवून पाहिला. चहूबाजूंनी दोऱ्याएवढा लहान. पुन्हा ठेवला. पुन्हा लहान. साच्यात ओतलेला धातू थंड होताना आखडतो. हे मला तीस वर्षांपासून ठाऊक. सहा पानांत तेवढंच लिहायचं राहिलं होतं. बाकी सगळं त्यानं माझ्या पत्राबरहुकूम केलंय. खरा ठेवून घेतला, त्याचाच साचा करून हा ओतून पाठवला.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अन् दिल्या कोणी तर मी. गुरुवर्य!
बाईंना एवढंच म्हणालो, राहू द्या इथं, बघतो.

१२ जाने.
पोलीस ठाण्यात जाऊन आलो. जमादार भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बिल्ला तर तुमच्या हातात दिसून राहिला. चोरीला काय गेलं लिहू?" दोऱ्याएवढा फरक त्याला दाखवला. त्याला दिसेना.

१४ जाने.
सौ.नं तिळगूळ हातावर ठेवला, तसाच राहिला. "सांगून मोकळे व्हा. ती बाई काय खाणार हाय का तुमाला?"
खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

१९ जाने.
गोरेगाव. सांगितलं. ओसरीवर बसून सगळं, काही न लपवता.
बाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सून चहा ठेवून गेली. बाई म्हणाल्या, "तुमी काहून पाठवला, असं मी म्हणणार न्हाई. मीच व्हय म्हणले." खोटा बिल्ला पुढं केला तर हात मागं घेतला. "ह्यो तुमच्यापाशीच ठिवा. माझ्या घरात नको."
निघताना दारापर्यंत आल्या. "त्याला सहा पानं लिवली ना तुमी? आता आणिक एक लिवा. म्हणा, बाईचा बिल्ला बाईला दे."
लाज वाटली. जीपमध्ये कोणाकडं मान वर करून बघितलं नाही.

२१ जाने.
मायना तीनदा फाडला. शेवटी मायन्याशिवायच. शिव्या नाहीत, विनवण्याही नाहीत. एक पान. रजिस्टर केलं, पोचपावतीसह.

८ फेब्रु.
नागपूरहून काही नाही. गोरेगावचा जीपवाला फेरीला आला की दारापाशी थांबतो. "काका, मावशी इचारून राहिली, आला का?" मी नाही म्हणून मान हलवतो.
नवी चार पत्रं साठलीत. परभणीचे एक मास्तर विचारतात, खरा-खोटा कसा ओळखावा. अक्षर साधं, माणूसही साधाच असेल. पण ते मला कागदावरून कसं कळावं? आधी हा विचार कधी मनात आला नव्हता. उत्तर दिलं नाही. चारी पत्रं सुतळीनं बांधून फळीवर टाकली. मास्तरांवर उगाच राग काढतोय हे कळतं. थकलोय.

२४ फेब्रु.
पोचपावती आली. सही त्याचीच. म्हणजे पत्र हातात पडलंय, वाचलंही असेल. उत्तर नाही.
दुपारी जीपवाला. तोच प्रश्न. रोज काय मान हलवायची, म्हणून म्हणालो, "सांग मावशीला, पोचलं."
"पोचला? बरं झालं. सांगतो, बिल्ला आला म्हणून."
"न्हाई रे बाबा. पत्र पोचलं. त्याला. नागपूरला."
जीप भरलेली, मागची माणसं चल चल म्हणून राहिलेली. तो व्हय व्हय करत निघून गेला. त्यानं नीट ऐकलं का, देव जाणे. बाई आता दारात येऊन उभ्या असतील.